शब्दांचे कुलवृत्तांत : ‘गिफ्ट’

गेल्या दिवाळीत आमच्या घरून फराळाची एक पेटी जर्मनीस रवाना झाली. आमची धाकटी पुतणी तेथे उच्च शिक्षणासाठी राहते. तिच्यासाठी चकल्या, अनारसे, करंज्या आणि बेसनाचे लाडू असा सर्व जिन्नस बांधून झाल्यावर, आत काय आहे याची वाटेत कोणी उगाच चौकशी करू नये, म्हणून आमच्या थोरल्या वहिनींनी पेटीच्या चारही अंगांस तांबड्या शाईने, ठसठशीत रोमन अक्षरांत, ‘गिफ्ट’ असे लिहिले. पेटी सुखरूप पोहोचली. परंतु पुतणीच्या हाती पडण्यापूर्वी ती घरमालकिणीच्या दृष्टीस पडली, आणि त्या सावध बाईने ती उचलून अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. सायंकाळी पुतणी घरी येईपर्यंत घरातील मुलांस त्या बाजूस फिरकण्याची मनाई झाली होती. कारण उघड आहे. जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष!

ही हकीकत कळली तेव्हा घरात हसून हसून पुरेवाट झाली. वहिनी मात्र जराशा खजील झाल्या, आणि मग त्यांनी आम्हांस एक प्रश्न केला. इंग्रजी आणि जर्मन या जर बहिणी-बहिणी, तर एकीच्या घरी जो शब्द देणगी म्हणून नांदतो तोच दुसरीच्या घरी विष म्हणून कसा नांदावा? प्रश्न मार्मिक होता. या सदरात आजवर आम्ही अनेक शब्दांच्या वंशावळी वाचकांपुढे मांडल्या; परंतु वहिनींच्या प्रश्नाचा माग काढू लागलो तेव्हा जी वंशावळ हाती आली तिच्याइतकी विचारात पाडणारी दुसरी आठवत नाही. कारण या शब्दाचे अर्थ दोन नसून तीन आहेत, आणि तिसऱ्याचा संबंध प्रत्येक घरातील लेकीशी पोहोचतो.

प्रथम आजची स्थिती पाहू. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी अथवा भेट, आणि लक्षणेने ईश्वरदत्त गुण. जर्मनमध्ये त्याचा अर्थ केवळ विष. विषारी सापास, विषारी अळंब्यास, विषारी वायूस हाच शब्द जोडून जर्मन लोक समास करतात. आणि ज्या कपाटात औषधविक्रेता घातक द्रव्ये कुलपात ठेवतो त्यास ‘गिफ्टश्रांक’ म्हणतात. डच भाषेने दोन्ही अर्थ ठेवले, पण त्यांची चूल निराळी केली: ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी, आणि ‘गिफ’ म्हणजे विष. तेथे उच्चारातला ग मात्र आपल्या ग पेक्षा घशातल्या ख कडे झुकतो. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या उत्तरेकडील भाषांत गंमत अधिकच आहे. तेथे ‘गिफ्ट’ हे नाम असता त्याचा अर्थ विष, आणि तेच विशेषण असता त्याचा अर्थ विवाहित! एखाद्या स्वीडिश गृहस्थाने आपण ‘गिफ्ट’ आहो असे सांगितले, तर तो घरी पत्नी असल्याचे सांगत असतो. या योगायोगावरून तिकडील विनोदी लेखकांनी किती कोट्या केल्या असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. आइसलँडच्या भाषेत मात्र विषाचा अर्थ या शब्दास चिकटलाच नाही. तेथे ‘गिफ्ता’ हे क्रियापद विवाह करून देणे या अर्थी येते, आणि ‘गिफ्ता’ हे नाम सुदैव या अर्थी. जे दैवाने दिले ते भाग्य, असा त्यातील भाव आहे.

एकच शब्द कोठे दान, कोठे विष, कोठे विवाह आणि कोठे भाग्य! आता याच्या मूळपुरुषाकडे वळू.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस या शब्दाची घडण चटकन ध्यानी येईल. गम् पासून गति, मन् पासून मति, बुध् पासून बुद्धि हे शब्द ज्या ‘क्तिन्’ प्रत्ययाने होतात, त्याच प्राचीन प्रत्ययाचा सख्खा भाऊ जर्मॅनिक भाषांत आहे. ‘देणे’ या अर्थाचा त्यांचा धातू ‘गेब्’. इंग्रजीतील ‘गिव्ह’ व जर्मनमधील ‘गेबेन’ ही त्याचीच रूपे. त्यास हा ति-प्रत्यय लागून, ब चा फ होऊन, ‘गिफ्ट’ सिद्ध झाला. अर्थ सरळ: देण्याची क्रिया, किंवा जे दिले जाते ते. आपल्याकडील गति-मति स्त्रीलिंगी, तसा हा शब्दही मुळात स्त्रीलिंगीच होता. या लिंगाकडे पुढे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

आपल्या ‘दा’ धातूची भावंडे लॅटिन, ग्रीक आणि रशियन या भाषांत आहेत. जर्मॅनिक भाषांनी मात्र तो धातू टाकून दिला आणि ‘गेब्’ पत्करला. याचे गोत्र कोणते? लॅटिनमधील ‘हाबेरे’ म्हणजे धारण करणे, जुन्या आयरिशमधील ‘गैबिद’ म्हणजे तो घेतो, आणि आपल्या वेदांतील ‘गभस्ति’ म्हणजे हात, यांस पुष्कळ पंडित त्याच धातूशी जोडतात. सूर्यास गभस्तिमान् म्हणतात तेव्हा किरण म्हणजे त्याचे हातच, ही कल्पना आपल्या परिचयाची आहे. हा संबंध मानला, तर देणे, घेणे आणि हात ही तिन्ही एकाच मुळाशी येतात. त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही. आपल्याच ‘दा’ ला मागे ‘आ’ लागताच ‘आदान’ होते, म्हणजे देण्याचे घेणे होते. आणि आशिया मायनरमधील प्राचीन हित्ती भाषेत तर ‘दा’ या धातूचा अर्थच घेणे असा आहे. देणारा हात आणि घेणारा हात एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत, हे भाषेने फार पूर्वी ओळखले होते. आपल्या घरांत ‘देणे-घेणे’ हा शब्द जोडूनच उच्चारला जातो, तो काही उगाच नव्हे.

आता या शब्दाचा जुना लेखी पुरावा पाहू. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या धर्मगुरूने बायबलाचे गॉथिक भाषेत भाषांतर केले. त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रत जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली असून ती स्वीडनमधील उप्साला येथील विद्यापीठात जतन केली आहे. लूकच्या शुभवर्तमानात मेरीचे वाङ्‌निश्चय झालेली कुमारिका असे वर्णन येते. तेथे गॉथिक शब्द आहे ‘फ्रागिफ्ट्स’. म्हणजे वाग्दान! आपल्या शब्दातही दानच आहे हे वाचकांच्या लक्षात आले असेल. या शब्दकुळाच्या अगदी जुन्या लेखांत विवाहाचा अर्थ असा ठाण मांडून बसलेला आढळतो.

इंग्लंडात काय होते? जुन्या इंग्रजीत साध्या देणगीस ‘गिफु’ हा निराळा शब्द होता. ‘गिफ्ट’ चा अर्थ होता वधूमूल्य, म्हणजे वराकडून वधूबद्दल दिले जाणारे द्रव्य. आणि अनेकवचनी ‘गिफ्ता’ म्हणजे विवाहसमारंभ. वेसेक्सचा राजा इने याने इ. स. ६८८ ते ७२६ पर्यंत राज्य केले. त्याच्या कायद्यांत एक कलम असे आहे की, कोणी द्रव्य मोजून पत्नी विकत घेतली आणि पुढे ‘गिफ्ट’ घडून आले नाही, तर ते द्रव्य परत करावे, आणि जो जामीन राहिला त्याची भरपाई करावी. ‘विकत घेणे’ हाच शब्द कायद्यात आहे. आपल्या स्मृतिकारांनी ज्यास आसुर विवाह म्हटले, आणि कन्येचे शुल्क घेणाऱ्या पित्याची ज्यासाठी निर्भर्त्सना केली, तो प्रकार आणि हा प्रकार यांत फारसे अंतर दिसत नाही.

तथापि केवळ खरेदी-विक्री एवढेच त्या समाजाचे चित्र रंगविणे अन्यायाचे होईल. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांचे वर्णन लिहिले. त्यात तो सांगतो की, या लोकांत पत्नी पतीस हुंडा देत नाही, पतीच पत्नीस देतो. आणि ते देणे म्हणजे नटण्या-मुरडण्याच्या वस्तू नसून बैल, लगाम घातलेला घोडा, ढाल, भाला आणि तलवार. श्रमात आणि संकटात ती सहभागिनी होण्यास येत आहे, हे तिला त्यावरून कळावे, असा त्याचा अभिप्राय. टॅसिटस आपल्या रोमन बांधवांस लाजविण्यासाठी परक्यांची स्तुती करीत होता हे खरे. तरीही दान कोणी, कोणास, कशासाठी द्यावे, याची चर्चा दोन सहस्र वर्षांपूर्वीही चालू होती, एवढे त्यावरून दिसते.

स्वीडनमध्ये हा अर्थ फार खोल रुजला. १२९६ साली राजाने मान्य केलेल्या उप्लांड प्रांताच्या कायद्यात मुलगी देताना देणाऱ्याने काय उच्चारावे हे नमूद आहे. पत्नीपणाचा मान, अर्धी शय्या, घराची कुलपे व किल्ल्या, आणि जंगम मिळकतीचा तिसरा हिस्सा, एवढे हक्क तिला मिळावेत म्हणून ती दिली जात आहे, असा त्याचा मतलब. किल्ल्यांचा जुडगा कंबरेस असणे म्हणजे काय, हे आमच्या वाचक भगिनींस समजावून सांगण्याची गरज नाही! जो पुरुष मुलगी देतो, मग तो बाप असो, भाऊ असो की चुलता, त्यास कायद्यात ‘गिफ्तोमान’ अशी संज्ञा होती. आपण त्यास कन्यादाता म्हणू. १७३४ च्या स्वीडिश विधिसंग्रहातील विवाहप्रकरणाचे नावच मुळी ‘गिफ्ट’ शब्दावरून पडलेले आहे. त्या विधिसंग्रहात कन्यादात्याची संमती आवश्यक होती आणि विवाहानंतर पती हा पत्नीचा पालक मानला जाई. दिलेली वस्तू ज्यास दिली त्याची झाली, असाच तो न्याय.

पुढे तो न्याय बदलला. १८८४ साली ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग या प्रसिद्ध स्वीडिश लेखकाने विवाहसंस्थेवरील कथांचा ‘गिफ्तास’ नावाचा संग्रह काढला. त्यातील एका कथेवरून त्याच्यावर ईश्वरनिंदेचा खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. पुस्तकाच्या नावाचा अर्थ विवाह करणे. पण स्वीडिश वाचकास त्यात विषाचाही किंचित वास आल्यावाचून राहत नसावा. १९२० च्या नव्या विवाहकायद्याने पतीचे पालकत्व रद्द झाले आणि १९२१ च्या आरंभापासून पत्नी पतीच्या बरोबरीने सज्ञान ठरली. विवाहाने परस्परांच्या मिळकतीवर निम्म्याने येणाऱ्या हक्कास आजही तेथे ‘गिफ्तोरेट’ म्हणतात. शब्द जुनाच राहिला. परंतु आज स्वीडिश माणूस ‘गिफ्ट’ हे विशेषण स्त्रीस लावतो तसेच पुरुषासही लावतो. एके काळी जो शब्द ‘दिलेली’ एवढाच होता, तो आता ‘दिलेला’ ही आहे. दोघेही एकमेकांस दिलेले. कायदा बदलण्यास जितकी शतके लागली तितकी हा प्रत्ययातील सूक्ष्म फरक पडण्यास लागली असावीत, परंतु तो पडला.

येथे उच्चाराची एक मौज सांगून पुढे जाऊ. जुन्या इंग्रजीत हा शब्द लिहीत ग-ने, परंतु उच्चारीत ‘यिफ्ट’. तो तसाच चालता, तर आज आपणही भेटवस्तूस ‘यिफ्ट’ म्हणत असतो. पण ७९३ मध्ये लिंडिस्फार्नच्या मठावर उत्तरेकडील दर्यावर्दी चाल करून आले आणि पुढील दोन-अडीच शतके डेन व नॉर्वेजियन लोक इंग्लंडात लुटावयास, वसावयास आणि शेवटी राज्य करावयास येत राहिले. १०१६ पासून तर नूट हा डेन राजाच इंग्लंडच्या सिंहासनावर बसला. शेजारी शेजारी राहून त्यांची भाषा इंग्रजीत अशी मिसळली की, ‘ते’ या अर्थाचे सर्वनामदेखील इंग्रजांनी त्यांच्याकडून उचलले. ‘गिव्ह’ आणि ‘गिफ्ट’ यांतील कठोर ग हा त्यांचाच. चौदाव्या शतकातील कवी चॉसर य-काराची रूपे लिहीत असे. पण शेवटी परक्यांचा ग जिंकला, आणि त्याबरोबर वधूमूल्याचा जुना अर्थ मागे पडून देणगी हा साधा अर्थ कायम झाला. आणि दैवदुर्विलास असा की, ज्या उत्तरेकडून हा कठोर ग आला तेथील स्वीडिश व नॉर्वेजियन लोक आज त्याच शब्दाचा उच्चार ‘यिफ्ट’ असा करतात!

आता वहिनींच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. यात विष कोठून आले?

ते आले वैद्याच्या झोळीतून. ग्रीक भाषेत ‘दोसिस’ म्हणजे देणे. आपलाच दा धातू आणि तोच ति-प्रत्यय. ग्रीकांच्या तोंडी ति चा सि झाला इतकेच. ग्रीक वैद्य औषधाची एका वेळची मात्रा या अर्थाने तो शब्द वापरू लागले, कारण ती वैद्याने द्यावयाची असते. उत्तरकालीन लॅटिनमधून तो युरोपभर पसरला. इंग्रजीतील ‘डोस’ तोच, आणि आपल्याकडील मुले ज्यास नाक मुरडतात तो डोसही तोच. जर्मन भाषिकांनी शब्द न उचलता त्याचे शब्दशः भाषांतर केले: दोसिस म्हणजे देणे, आणि देणे म्हणजे ‘गिफ्ट’. मात्रा औषधाची असते तशी घातक द्रव्याचीही असते. आणि ज्याचे नाव घेऊ नये त्यास सौम्य नाव देण्याची मनुष्यमात्राची खोड! आपण दिवा विझविला असे म्हणत नाही, मालविला म्हणतो. बांगडी फुटली असता वाढविली म्हणतो. निघताना जातो न म्हणता येतो म्हणतो. कोणी विष घेतले तर शेजारीपाजारी कुजबुजतात की, त्याने ‘काहीतरी घेतले’. त्याच रीतीने जर्मन माणूस म्हणू लागला की, त्यास ‘काहीतरी दिले’. हळूहळू त्या दिलेल्याचे विषच झाले. ज्या प्राचीन शब्दाचा अर्थ मुळात विष होता, तो ‘आयटर’, आपली जागा गेल्यामुळे जर्मनमध्ये नुसता पू या अर्थावर येऊन बसला. डेन्मार्कमध्ये कोळ्यास ‘एडरकोप’ म्हणतात. त्याच्या पूर्वार्धात हे जुने विष अजून टिकून आहे.

लिंगाची गोष्ट सांगावयाची राहिली. विषाच्या अर्थाने हा शब्द जर्मनमध्ये आज नपुंसकलिंगी आहे. परंतु मूळचा स्त्रीलिंगी ‘गिफ्ट’ एका ठिकाणी अद्याप जिवंत आहे, आणि ते ठिकाण म्हणजे ‘मिटगिफ्ट’. ‘मिट’ म्हणजे सोबत. मुलीसोबत जे दिले जाते ते, अर्थात हुंडा! डॅनिश ‘मेडगिफ्ट’ आणि स्वीडिश ‘हेमगिफ्ट’ हेही तेच. देणगीचा गोड अर्थ जर्मन भाषेतून सर्वत्र नाहीसा झाला, तो उरला केवळ हुंड्याच्या शब्दात, आणि तेथेही ऐकणाऱ्याच्या कानी आधी विषच पडावे, असा हा शब्दाचा भोग. दुसऱ्या बाजूने पाहावे तर उतारा या अर्थाचा जर्मन शब्द आहे ‘गेगेनगिफ्ट’, म्हणजे विरुद्ध दिलेले. ग्रीकातून आलेल्या इंग्रजी ‘अँटिडोट’ चा अर्थही अक्षरशः तोच. दिले तेही देणे, आणि त्यावर उतारा तोही देणेच.

यात जर्मन लोकच काही जगावेगळे नाहीत. इंग्रजी ‘पॉयझन’ चे मूळ लॅटिन ‘पोतिओ’, म्हणजे पिण्याचा पदार्थ. आपल्या ‘पान’ शब्दाचे ते भावंड. आपल्याकडे ‘गर’ म्हणजे मुळात गिळण्याचा-पिण्याचा पदार्थ. त्याचे विष झाले, आणि आजही दुष्टाच्या तोंडून आपण गरळ ओकवितो. आणखी एक नमुना पाहा. लॅटिनमध्ये ‘दोस’ या शब्दाचा अर्थ हुंडा असा आहे. तोही दा धातूचाच, ग्रीक ‘दोसिस’ चा सख्खा भाऊ. एकाच धातूच्या दोन लेकरांपैकी एक वैद्याच्या हाती मात्रा झाले, दुसरे वधूपित्याच्या माथी हुंडा झाले. आणि जर्मन भाषेने दोन्ही अर्थ एकाच ‘गिफ्ट’ च्या पदरात बांधले.

हा योग केवळ भाषेचा अपघात, की त्यात काही मर्म आहे? फ्रेंच पंडित मार्सेल मोस यांनी १९२४ साली ‘गिफ्ट, गिफ्ट’ याच नावाचा एक छोटा निबंध लिहिला, आणि पुढील वर्षी दानावरील आपला सुप्रसिद्ध प्रबंध प्रकाशित केला. मोस यांनी सिल्व्हाँ लेव्ही यांच्याजवळ संस्कृताचे अध्ययन केले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पुरातन समाजांत फुकटचे दान असे काही नसतेच. दिलेली वस्तू घेणाऱ्यास बांधून घेते, फेड मागते, आणि फेड न झाल्यास बाधते. म्हणून भेट आणि विष हे अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत.

या सिद्धांताच्या पुष्टीसाठी त्यांनी महाभारताच्या अनुशासनपर्वाकडे धाव घेतली, हे आमच्या वाचकांस विशेष वाटेल. तेथील कथा अशी आहे. घोर दुष्काळात सप्तर्षी अरुंधतीसह अन्नान्न करीत हिंडत असता राजा वृषादर्भी त्यांस गाई, गावे, धान्य, हवे ते देऊ करतो. ऋषी नाकारतात. राजाचा प्रतिग्रह आरंभी मधासारखा लागतो आणि परिणामी विषासारखा होतो, असे ते त्यास सांगतात. तेव्हा राजा उंबराच्या फळांत सोने भरून ती त्यांच्या वाटेवर ठेववितो. फळे जड लागताच अत्री ओळखतो, आणि उपाशी पोटी सर्वजण पुढे चालू लागतात. संतापलेला राजा मग त्यांच्या नाशासाठी एक कृत्या निर्माण करतो. जो घटकेपूर्वी दाता होता तोच घेण्यास नकार मिळताच मारेकरी झाला! ‘गिफ्ट’ शब्दाच्या दोन्ही अर्थांवर याहून चांगले भाष्य आम्हांस कोठे आढळले नाही. प्रतिग्रहाने ब्रह्मतेज क्षीण होते, अशी समजूत ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, त्यांनी तरी घेण्यातील हे विष ओळखावयास हवे होते.

ओळखले काय? आपल्या घरांत आजही सहज विचारले जाते, ‘मुलगी कोठे दिली?’ उत्तर येते, ‘सांगलीस दिली’, ‘नागपुरास दिली’. मुलगा कोठे दिला असे कोणी विचारीत नाही. स्वीडिश भाषेतील तो प्रत्ययाचा फरक आपल्या बोलण्यात अजून पडावयाचा आहे. हुंड्यास १९६१ च्या कायद्याने बंदी झाली. त्याच कायद्याच्या १९८४ च्या दुरुस्तीप्रमाणे, मागणी न करता स्वखुशीने दिलेल्या भेटी, त्यांची यादी करून ठेवली असता, गुन्हा ठरत नाहीत. हेतू वाजवी आहे. बापाने लेकीस काही देऊच नये असे कोण म्हणेल? परंतु एकच वस्तू एका घरी भेट आणि दुसऱ्या घरी हुंडा ठरते ती मागणीवरून, आणि मागणी नेहमी मागणीच्या शब्दांत येते असे नाही.

याचा प्रत्यय आम्हांस घरीच आला. ज्या पुतणीच्या फराळाने हा लेख सुरू झाला, तिचे लग्न जमत आहे. स्थळ उत्तम, मुलगा तिच्या पसंतीचा. बैठकीत वराकडील वडीलधाऱ्यांनी सांगितले, ‘आम्हांस काही नको; तुम्ही मुलीला हौसेने जे द्याल ते.’ हे वाक्य आमच्या वाचकांनी किती वेळा ऐकले असेल! आमच्याकडील वडीलधाऱ्यांनी मान डोलावली, आणि त्याच रात्री घरात आकडेमोड सुरू झाली. दूरध्वनीवरून पुतणीस हे कळविले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, ‘काका, ते हौसेने द्यावयाचे म्हणतात, ते कोणत्या भाषेतले गिफ्ट?’

आम्हांस उत्तर सुचले नाही. उत्तर दिले ते थोरल्या वहिनींनी. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडेमोडीचा कागद मागवून घेतला आणि त्यावरील एकेक ओळ वाचून, हे कोणाच्या नावे, हे कोणाच्या हाती, असे विचारीत गेल्या. जे मुलीच्या नावे आणि तिच्याच हाती राहावयाचे ते त्यांनी ठेवले. जे दुसऱ्या कोणाचा मान राखण्यासाठी होते ते खोडले. मग आमच्याकडून वराच्या घरी पत्र लिहवून घेतले. त्यात ठेवलेल्या वस्तूंची यादी आहे, आणि याखेरीज काही द्यावयाचे नाही व घ्यावयाचेही नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. हौस हा शब्द त्यात नाही.

पत्र जाऊन आठ दिवस झाले. उत्तराची वाट पाहत आहोत.